इलेक्ट्रॉनिक प्रॉडक्टचं रोहस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, संभाजीनगरचं वाळूज, गोव्यातलं वेर्णा, इथल्या छोट्या-मध्यम युनिटवाल्यांचे मला रोहसबद्दल सारखे मेसेज येतात. त्यातले परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. बहुतेक मेसेजची सुरुवात एकच असते, "मॅडम, बायरने रोहस सर्टिफिकेट मागितलंय, शुक्रवारपर्यंत पाहिजे." घाई असेल तर आधी प्रश्न ३ वाचा, मग बाकीचं.

१. रोहस म्हणजे नक्की काय, आणि कुठले पदार्थ चालत नाहीत?

रोहस हा मुळात युरोपियन युनियनचा कायदा. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये काही घातक पदार्थ ठरलेल्या मर्यादेच्या वर नकोत, एवढंच तो सांगतो. पहिलं डायरेक्टिव्ह २००२/९५/ईसी, ते १ जुलै २००६ पासून लागू झालं आणि तेव्हा पदार्थ सहा होते: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, आणि प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून घालायचे ते ब्रोमीनवाले दोन गट, पीबीबी आणि पीबीडीई. मग २०११ मध्ये त्याच्या जागी २०११/६५/ईयू आलं, आणि नंतर २०१५/८६३ ने त्यात चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालायचे पदार्थ) वाढवले: डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी. हे चार २२ जुलै २०१९ पासून लागू झाले, मेडिकल आणि मॉनिटरिंग-कंट्रोलच्या उपकरणांना २२ जुलै २०२१ पासून. म्हणजे आज एकूण दहा. बायर मेलमध्ये "रोहस ३" लिहितो तेव्हा त्याला हेच दहा म्हणायचं असतं, त्या नावाचा वेगळा कायदा नाही.

मर्यादा: कॅडमियमला ०.०१% म्हणजे १०० पीपीएम, बाकी नऊंना प्रत्येकी ०.१% म्हणजे १००० पीपीएम.

२. आमचा कंट्रोलर ४०० ग्रॅमचा आहे, त्यात शिसं असून असून किती असणार? १००० पीपीएमच्या खालीच येईल ना?

नाही! आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात म्हणून नीट सांगते. टक्केवारी पूर्ण प्रॉडक्टच्या वजनावर धरतच नाहीत, ती धरतात एकजिनसी मटेरियलवर, म्हणजे कापून, खरवडून, घासून आणखी वेगळं करता येणार नाही असा प्रत्येक थर किंवा तुकडा. साधी वायर घ्या. आतलं तांबं हे एक मटेरियल, तांब्यावरचं टिनचं प्लेटिंग हे दुसरं, वरचं पीव्हीसी तिसरं, आणि पीव्हीसीवर छापलेली शाई चौथं. चारही वेगवेगळे पास व्हायला लागतात. तुमच्या कंट्रोलरमध्ये एकच सोल्डर जॉइंट ६३/३७ चा असेल तर त्या जॉइंटमध्ये ३७% शिसं आहे, मर्यादा ०.१% ची, बाकी ४०० ग्रॅम कितीही शुद्ध असले तरी माल फेल.

म्हणूनच कोणी अख्खं प्रॉडक्ट दळून पावडर करून टेस्ट करून देतो म्हणाला तर तो रिपोर्ट घेऊ नका, त्याला अर्थ नाही.

३. रोहस सर्टिफिकेट कुठे मिळतं आणि खर्च किती?

कुठेच मिळत नाही, कारण कायद्यात तसं सर्टिफिकेट नाहीच. युरोपात कुठलंही सरकारी ऑफिस किंवा लॅब "हे प्रॉडक्ट रोहस पास" असा दाखला देत नाही. उत्पादक स्वतः तपासतो, स्वतः फाइल तयार करतो आणि स्वतःच्या सहीने घोषणापत्र देतो, ज्याला डिक्लेरेशन ऑफ कन्फॉर्मिटी म्हणतात. जबाबदारी सही करणाऱ्याची.

बाजारात जे मिळतं ते दोन प्रकारचं. एक, लॅबचा टेस्ट रिपोर्ट, तो खरा आणि उपयोगाचा असतो, पण लॅबला दिलेल्या सॅम्पलपुरताच बोलतो. दुसरं म्हणजे एखाद्या कन्सल्टन्सीने सोनेरी बॉर्डर लावून दिलेलं सर्टिफिकेट, हे ऐच्छिक असतं, कायद्यापुढे त्याचं वजन शून्य, त्याच्यामागे फाइल असली तर फाइलला वजन आहे. मी अशी सर्टिफिकेटं बघितलीत ज्यात प्रॉडक्टचा मॉडेल नंबरसुद्धा चुकलाय, आणि बिचाऱ्या युनिटवाल्याने त्याचे हजारो रुपये मोजलेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तेवढ्याच पैशात त्याच्या सगळ्यात धोक्याच्या पार्टची टेस्ट झाली असती.

तेव्हा बायर सर्टिफिकेट मागतो त्याला परत विचारा की तुम्हाला घोषणापत्र पाहिजे, टेस्ट रिपोर्ट पाहिजे की मटेरियल डिक्लेरेशन (पार्ट कुठल्या मटेरियलचा आणि त्यात काय काय आहे याची यादी). तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दहातल्या आठ वेळा पहिलंच पाहिजे असतं.

४. मग फाइलमध्ये ठेवायचं काय काय?

यासाठी स्टँडर्ड आहे, ईएन आयईसी ६३०००:२०१८. आधी ईएन ५०५८१ होतं, तुमच्या जुन्या घोषणापत्रावर अजून तोच नंबर असेल तर बदला. या स्टँडर्डचं म्हणणं थोडक्यात असं: प्रॉडक्टचं वर्णन, पूर्ण बिओएम (म्हणजे लागणाऱ्या सगळ्या पार्टची यादी), बिओएममधल्या प्रत्येक पार्टसमोर त्याचा पुरावा, आणि पुरावा कुठल्या पार्टचा आहे हे कळेल अशी जोडणी. पुरावा म्हणजे सप्लायरचं डिक्लेरेशन, किंवा मटेरियल डिक्लेरेशन, किंवा टेस्ट रिपोर्ट. कुठल्या पार्टला कुठला पुरावा पुरेसा हे तुम्ही धोका बघून ठरवायचं, ते पुढच्या प्रश्नात आहे.

मी साधी एक्सेल शीट करायला सांगते. पार्ट नंबर, मेकर, सप्लायर, मटेरियल, धोका जास्त-मध्यम-कमी, पुराव्याच्या फाइलचं नाव, पुराव्याची तारीख, एक्झेम्प्शन म्हणजे कायद्याने दिलेली सूट असेल तर तिचा नंबर. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. २०० लाइनची बिओएम असेल तर पहिल्यांदा दोन-तीन आठवडे जातात हे खरं, पण त्यानंतर बायरचा मेल आला की दुपारपर्यंत उत्तर जातं.

फाइल आणि घोषणापत्र, दोन्ही त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात गेल्यापासून १० वर्षं सांभाळायचं. नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये नको, कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा.

५. प्रत्येक पार्टची लॅब टेस्ट करायला लागते का? परवडणार नाही हो.

नाही लागत, आणि कोणी करतही नाही. डोकं वापरायचं ते इथे. नामांकित कंपनीचा आयसी, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून घेतलेला, पार्ट नंबरप्रमाणे वेबसाइटवर डिक्लेरेशन उपलब्ध, त्याची टेस्ट करून काय मिळणार? तो कमी धोका. उलट लोकल मोल्डरकडून आलेला काळा ग्रोमेट (वायर जाते त्या भोकात बसवायची रबरी कडी), ज्याचं मटेरियल कुठून आलं हे मोल्डरलाच माहीत नाही, तो किंमत २ रुपये असला तरी जास्त धोका.

माझ्या अनुभवात धोका जास्त असलेल्या गोष्टी साधारण अशा: मऊ पीव्हीसीचं सगळं (केबल, स्लीव्ह, ग्रोमेट, कनेक्टरचं बूट), रीसायकल केलेलं काळं प्लास्टिक, लाल-पिवळ्या-केशरी रंगाचं स्वस्त प्लास्टिक कारण त्या पिगमेंटमध्ये कॅडमियम किंवा शिसं असू शकतं, पिवळसर चमकणारे स्क्रू आणि ब्रॅकेट, पितळी टर्मिनल, बाहेरून करून घेतलेलं सोल्डरिंग, आणि ज्याचा मेकरच माहीत नाही असे कंपोनंट. टेस्टचं बजेट इथे घाला. दरवर्षी आठ-दहा पार्ट आळीपाळीने पाठवले तरी दोन-तीन वर्षांत चित्र स्पष्ट होतं.

काळ्या रीसायकल प्लास्टिकचं वेगळं सांगते, जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या बॉडीत पीबीडीई असायचं, तेच दळून दाणा होऊन परत बाजारात येतं. दाणा घेताना व्हर्जिन आहे का रीप्रोसेस हे बिलावर लिहून मागा.

६. आमच्याकडे एक्सआरएफ गन आहे / भाड्याने मिळते. तिने काम भागेल का?

ही एक्स-रे मारून मटेरियलमधली मूलद्रव्यं दाखवणारी हातातली गन. चाळणी म्हणून उत्तम, शेवटचा निकाल म्हणून नाही. आयईसी ६२३२१ च्या भाग ३-१ मध्ये एक्सआरएफने स्क्रीनिंग कसं करायचं ते दिलंय. प्लास्टिकमध्ये शिसं साधारण ७०० पीपीएमच्या खाली दिसलं तर पास धरता येतं, १३०० च्या वर असेल तर फेल, आणि मधलं लॅबला पाठवायचं. मशीनची एरर धरून हे आकडे थोडे आणखी मागेपुढे होतात.

गनला काय कळत नाही ते नीट लक्षात ठेवा. ती एकूण क्रोमियम दाखवते, हेक्साव्हॅलंट किती ते नाही, स्टेनलेस स्टीलवर धरली तर क्रोमियम भरपूर दिसणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती एकूण ब्रोमीन दाखवते. एफआर४ (नेहमीचं ग्लास-इपॉक्सी बोर्ड मटेरियल) च्या पीसीबीत ब्रोमीन असतं, पण ते बहुतेक वेळा टीबीबीपीए या दुसऱ्या पदार्थाचं, जो रोहसच्या यादीत नाही. आणि थॅलेट तर तिला अजिबात दिसत नाहीत, कारण ते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे बनलेले. म्हणजे "एक्सआरएफ पास" असा शिक्का दहापैकी चारबद्दल काहीच सांगत नाही.

अजून एक फसगत. चिप रेझिस्टरवर गन धरली की शिसं दिसतं आणि फोन येतो, "मॅडम, अमुक मेकर खोटं बोलतोय." खोटं नाही, आतल्या काचेत शिसं असतं आणि त्याला सूट आहे, प्रश्न ९ बघा.

७. पिवळं झिंक प्लेटिंग केलेले स्क्रू चालतील का?

जुन्या पद्धतीचं पिवळं पॅसिवेशन (प्लेटिंगवरचा गंजरोधक थर) असेल तर नाही, तो पिवळेपणा बहुतेक वेळा हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळेच येतो. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, हल्ली ट्रायव्हॅलंटवर (क्रोमियमचा रोहसमध्ये बंदी नसलेला प्रकार) पिवळा डाय मारूनही देतात, आणि उलट निळसर-पांढरं दिसणारं काही वेळा हेक्सा निघतं. प्लेटरला पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) स्पष्ट लिहा "ट्रायव्हॅलंट पॅसिवेशन" आणि त्याने कुठलं केमिकल वापरलं त्याची डेटाशीट मागा.

या टेस्टचा निकाल पीपीएममध्ये येत नाही हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयईसी ६२३२१ भाग ७-१ मध्ये पार्ट उकळत्या पाण्यात ठेवून रंगावरून मोजतात आणि निकाल दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅम असा येतो: ०.१० च्या खाली निगेटिव्ह, ०.१३ च्या वर पॉझिटिव्ह, मधे असेल तर पक्कं सांगता येत नाही. सॅम्पलचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर लागतं, म्हणून छोटे स्क्रू असतील तर मूठभर पाठवा, दोन पाठवून लॅबशी भांडू नका.

८. आमची केबल आयएसआय मार्कची आहे, तरी थॅलेटमध्ये फेल झाली. असं कसं?

कारण आयएसआय मार्क केबलची इलेक्ट्रिकल सुरक्षितता बघतो, रोहसची दहा नावं बघत नाही. मऊ पीव्हीसी मऊ होतं ते प्लास्टिसायझरमुळे, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं स्वस्त प्लास्टिसायझर म्हणजे डीओपी. कंपाउंडवाल्याला विचारा "डीईएचपी आहे का", तो प्रामाणिकपणे सांगेल "नाही, आम्ही डीओपी वापरतो". अहो, तेच ते! बाजारातलं डीओपी म्हणजेच डीईएचपी. आणि ते एक-दोन टक्के नसतं, मऊ पीव्हीसीमध्ये २०-३०% सुद्धा असतं, म्हणजे मर्यादेच्या दोनशे-तीनशे पट. मागायचं ते डीओटीपी किंवा डीआयएनपी वापरलेलं कंपाउंड, आणि सोबत शिशाचा स्टॅबिलायझर नको, कॅल्शियम-झिंकचा पाहिजे असंही लिहायचं.

थॅलेट पसरतात. चांगली केबल डीओपीवाल्या रबर मॅटवर किंवा जुन्या पीव्हीसी पिशवीत महिनोन्‌महिने पडली तर वरच्या थरात ते उतरतात. ओळखीतल्या एका युनिटची केबल दोनदा काठावर फेल झाली, कंपाउंड बदलूनही, शेवटी कळलं की स्टोअरमध्ये रोल ज्या शीटवर ठेवायचे तीच दोषी होती.

केबलमुळे काय होऊ शकतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००१ च्या डिसेंबरमधलं, रोहस यायच्या आधीचं. सोनीच्या प्लेस्टेशनची सुमारे १३ लाख खोकी नेदरलँड्समध्ये अडवली गेली, कारण कंट्रोलरच्या केबलमध्ये कॅडमियम तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तेही नाताळच्या तोंडावर. एवढ्या मोठ्या कंपनीला केबलने अडवलं, तेव्हा केबलकडे "ती काय, साधी वायर" म्हणून बघू नका.

९. आमच्या पितळी टर्मिनलमध्ये ३% शिसं आहे. जामनगरवाला म्हणतो चालतं. खरंच चालतं का?

चालतं, पण एक्झेम्प्शनखाली. तांब्याच्या मिश्रधातूत ४% पर्यंत शिसं चालतं, नंबर ६(सी). मशीनिंग सोपं व्हावं म्हणून शिसं घातलेल्या स्टीलला, आपण ज्याला ईएन१ए लेडेड म्हणतो त्याला, ०.३५% पर्यंत ६(ए) च्या गटातल्या नंबरखाली, आणि ॲल्युमिनियमला ०.४% पर्यंत ६(बी) च्या गटातल्या नंबरखाली. ८५% किंवा जास्त शिसं असलेलं हाय मेल्टिंग सोल्डर, जे पॉवर डायोडच्या आत असतं, ते ७(ए) च्या गटात. कंपोनंटच्या काचेतलं किंवा सिरॅमिकमधलं शिसं ७(सी)-१.

पण ही सूट कायमची नाही. प्रत्येकीला मुदत असते, उद्योगाने मुदतीच्या १८ महिने आधी वाढीचा अर्ज करायचा असतो, आणि वाढ देताना युरोपियन आयोग बऱ्याचदा व्याप्ती कमी करतो किंवा एका नंबरचे तुकडे पाडतो. सीएफएल आणि ट्यूबलाइटचंच बघा, वर्षानुवर्षं पाऱ्याला सूट होती आणि २०२३ मध्ये फेब्रुवारीत सीएफएल आणि ऑगस्टमध्ये टी५, टी८ ट्यूबची सूट संपली, बाजार बंद. म्हणून एक्सेलमध्ये एक्झेम्प्शनचा नंबर आणि मुदत असे दोन कॉलम ठेवा आणि दर सहा महिन्यांनी चालू यादी उघडून जुळवा. नुसतं "रोहस कंप्लायंट विथ एक्झेम्प्शन" असं मोघम लिहून देणाऱ्या सप्लायरला नंबर विचारा.

१०. लेड फ्री म्हणजेच रोहस ना?

नाही. लेड फ्री म्हणजे दहातला एक पदार्थ नाही, एवढंच. आणि उलटही, रोहस पास पार्टमध्ये सूट असलेलं शिसं असू शकतं, आत्ताच ९ मध्ये सांगितलं तसं. "ग्रीन" किंवा हिरव्या पानाचं चित्र बघून समाधान मानू नका, त्या चित्राला युरोपच्या कायद्यात काहीच अधिकृत स्थान नाही.

११. एकाच लाइनवर लोकल मालाला लेडेड आणि एक्सपोर्टला लेड फ्री सोल्डर वापरलं तर?

हात जोडून सांगते, नका करू. गणित बघा. वेव्ह मशीनच्या (बोर्ड वितळलेल्या सोल्डरवरून नेणारं मशीन) पॉटमध्ये ३०० किलो एसएसी३०५ हे लेड फ्री सोल्डर आहे, म्हणजे टिन ९६.५, चांदी ३, तांबं ०.५. ०.१% ची मर्यादा म्हणजे त्या अख्ख्या पॉटमध्ये फक्त ३०० ग्रॅम शिसं चालतं. नाइट शिफ्टला कोणी चुकून ६३/३७ ची एक किलोची एकच पट्टी टाकली तर ३७० ग्रॅम शिसं आत गेलं. पॉट गेला. त्यानंतर त्यातून निघालेला प्रत्येक बोर्ड गेला, आणि डोळ्याला फरक काहीच दिसत नाही.

तेव्हा पॉट वेगळा, पट्ट्यांचं कपाट वेगळं आणि कुलूपबंद, हँड सोल्डरिंगचे टेबल वेगळे, बिट, स्पंज, डीसोल्डर पंप सगळं वेगळं. रंगाच्या पट्ट्या लावा. पॉटचं सॅम्पल ठरावीक काळाने लॅबला पाठवून रिपोर्ट फाइलला लावा, हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. रीवर्कचं टेबल विसरू नका, बोर्ड लाइनवर लेड फ्री होतो आणि रिपेअरवाला मुलगा सवयीने जुनी वायर लावतो, असं मी स्वतः तीन ठिकाणी बघितलंय. ६३/३७ ला १८३ अंशाला वितळायची सवय, एसएसीला २१७ च्या वर लागतं, जॉइंटही थोडा मळकट दिसतो, म्हणून पोरांना तो "ड्राय" वाटतो आणि ते परत लेडेड टच देतात. त्यांना चांगला लेड फ्री जॉइंट कसा दिसतो ते फोटो लावून दाखवा.

आणि जिथे लेडेड चालू आहे तिथेही काम करणाऱ्या मुलींना हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका. सोल्डरच्या धुरात शिसं फारसं नसतं, धूर फ्लक्सचा असतो (तोही दम्याला वाईटच), पण शिसं बोटांवरून पोटात जातं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही.

१२. बेअर पीसीबीला काय सांगायचं?

फिनिश, म्हणजे तांब्यावर दिलेला वरचा थर. नुसतं "एचएएसएल" (सोल्डरचा थर) लिहिलं तर स्वस्तातला लेडेड येऊ शकतो. "लेड फ्री एचएएसएल", "एनिग" (निकेल-सोन्याचा थर) किंवा "ओएसपी" (सेंद्रिय थर) असं ड्रॉइंगवर आणि पीओवर दोन्हीकडे लिहा.

१३. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून घेतलेले कंपोनंट चालतील का?

प्रोटोटाइपला खुशाल घ्या, मीही घेते. एक्सपोर्टच्या मालात नको. पार्ट खराब असतो असं नाही, पण तो कुठल्या लॉटचा, मूळ रीळ कुठलं, २००६ च्या आधीचा जुना स्टॉक आहे का, हे कागदावर दाखवता येत नाही, आणि रोहसमध्ये दाखवता येणं यालाच किंमत. शॉर्टेजमध्ये घ्यायलाच लागला तर तो लॉट वेगळा ठेवा, पायांवर एक्सआरएफ मारा, नोंद करा.

१४. सप्लायर डिक्लेरेशन देतच नाही. किंवा एका ओळीचं देतो.

त्याला स्वतः फॉरमॅट द्या. त्याच्या लेटरहेडवर हवं ते: पार्ट नंबर (नुसतं "आमची सर्व उत्पादनं" नको), डायरेक्टिव्हचा नंबर २०११/६५/ईयू आणि २०१५/८६३ दोन्ही, दहा पदार्थांची नावं, एक्झेम्प्शनचा नंबर, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. २०१९ च्या आधीचं असेल तर त्यात सहाच पदार्थ असणार, नवीन मागा. तरी देत नसेल तर दोन रस्ते, त्या पार्टची स्वतः टेस्ट करा किंवा सप्लायर बदला. बऱ्याच छोट्या सप्लायरना द्यायचं असतं पण कळत नसतं, त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास बसलं की काम होतं, मेलवर दोन महिने निघून जातात.

१५. आम्ही फक्त भारतातच विकतो. आम्हाला काय देणंघेणं?

आहे. भारतात हे ई-कचऱ्याच्या नियमांमधून येतं. २०११ च्या नियमांनी आणलं, १ मे २०१४ पासून मर्यादा लागू झाल्या, मग २०१६ चे नियम, आणि आता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२, जे १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. शेड्यूल १ मध्ये सात गटांत १०६ वस्तूंची यादी आहे, आपली वस्तू त्यात शोधा. पदार्थ इथे सहाच, थॅलेट नाहीत, मर्यादा युरोपच्याच, सवलती शेड्यूल २ मध्ये. प्रॉडक्टसोबतच्या माहितीपुस्तकात रोहसचं घोषणापत्र छापायला लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून सॅम्पल उचलून तपासू शकतं, आणि फेल निघालं तर माल बाजारातून परत घ्यायची वेळ येते.

सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. पण आधी स्वतःचा गट तपासा, १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, दोन्ही अटी एकदम. आणि तुम्ही सूक्ष्म असलात तरी तुमचा माल ज्या मोठ्या ब्रँडच्या प्रॉडक्टमध्ये जातो तो ब्रँड सुटलेला नसतो, म्हणून तो तुमच्याकडे कागद मागणारच.

१६. सीई मार्क आणि रोहस यांचा संबंध काय?

सीई म्हणजे माल युरोपच्या लागू कायद्यांत बसतो असं सांगणारी उत्पादकाने लावायची खूण. २०११/६५/ईयू पासून रोहस हा सीईच्या अटींपैकीच एक झाला. म्हणजे सीई लावलंत की तुम्ही रोहसही पाळलंय असं जाहीर केलंत. एकाच घोषणापत्रात लो व्होल्टेज, ईएमसी (विद्युतचुंबकीय अडथळ्याबद्दलचं) आणि रोहस तिन्ही लिहायचे. ईएमसीचा जाड रिपोर्ट आहे आणि रोहसची फाइलच नाही, असे सीई मार्कवाले प्रॉडक्ट आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि हे धोकादायक आहे.

तुम्ही तयार प्रॉडक्ट न विकता नुसता असेंबल केलेला बोर्ड दुसऱ्या उत्पादकाला देत असाल तर त्यावर रोहसपोटी सीई लावायचं नसतं, त्याला प्रश्न १४ मधल्यासारखं डिक्लेरेशन द्यायचं.

१७. टेस्ट रिपोर्टची व्हॅलिडिटी किती? बायर म्हणतो एक वर्ष.

कायद्यात मुदत नाही. एक वर्ष हा बायरचा स्वतःचा नियम, ऑर्डर पाहिजे तर पाळायला लागतो. तांत्रिकदृष्ट्या विचाराल तर रिपोर्ट मटेरियल, सप्लायर आणि प्रोसेस बदलेपर्यंत खरा. कंपाउंडवाला बदलला तर कालचा रिपोर्टही जुना झाला. म्हणून परचेसमध्ये नियम करा, पर्यायी पार्ट घ्यायचा असेल तर आधी पुरावा, मग पीओ. लॅब निवडताना एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का एवढंच बघून थांबू नका, मान्यतेच्या व्याप्तीत आयईसी ६२३२१ चा तुम्हाला हवा तो भाग आहे का तेही बघा.

१८. आम्ही चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस करतो. रोहस लागतं?

गाडीच्या पार्टला नाही. माणसं किंवा माल वाहून नेणारी वाहनं रोहसच्या बाहेर आहेत, त्यांना युरोपात ईएलव्ही (आयुष्य संपलेल्या वाहनांचं) डायरेक्टिव्ह २०००/५३/ईसी लागतं, त्यात शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम असे चार, आणि माहिती आयएमडीएसमध्ये (वाहन उद्योगाचा मटेरियलचा ऑनलाइन डेटाबेस) भरायची. पण तोच कनेक्टर तुम्ही घरगुती उपकरणवाल्याला विकलात तर तिथे रोहस लागलं. विकत घेणाऱ्याचं प्रॉडक्ट काय हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.

१९. अजून काय काय बाहेर आहे?

लष्करी सामान, अंतराळातलं, कारखान्यात कायम बसवलेली अवाढव्य मशिनरी आणि इन्स्टॉलेशन, शरीरात बसवायची सक्रिय मेडिकल उपकरणं, व्यावसायिकांनी कायमच्या जागी बसवलेल्या सिस्टिमचे सोलर पॅनेल, फक्त संशोधनासाठी बनवून कंपनीने कंपनीला दिलेली उपकरणं. इथे "अवाढव्य" शब्दावर बरेच जण घसरतात, तुमचं टेबलावर मावणारं टेस्टिंग मशीन कारखान्यात वापरतात म्हणून सुटत नाही. आणि सोलर पॅनेल सुटलं म्हणजे सोलरचा इन्व्हर्टर सुटला असंही नाही. बॅटरीला वेगळा कायदा आहे, २०२३/१५४२, पण बॅटरी जोडायची वायर आणि चार्जरचा बोर्ड रोहसमध्येच.

२०. रीच आणि रोहस एकच का?

नाही. रीच हा युरोपचा रसायनांबद्दलचा कायदा, तो सगळ्या वस्तूंना लागतो आणि त्यातली एसव्हीएचसी (अतिचिंतेच्या पदार्थांची) यादी वाढत राहते, तिथे नियम बहुतांशी "०.१% च्या वर असेल तर सांगा" असा, वापरायचंच नाही असा नाही. गुंता इथे होतो: शिसं २७ जून २०१८ पासून त्या यादीत आहे. म्हणजे तुमचं पितळी टर्मिनल रोहसमध्ये ६(सी) ने सुटलं तरी रीचखाली बायरला "यात शिसं आहे" हे कळवायलाच लागतं. दोन डिक्लेरेशन, दोन वेगळे कागद.

२१. १५ वर्षांपूर्वी विकलेलं इन्स्ट्रुमेंट रिपेअरला परत आलंय, त्यात लेडेड सोल्डर आहे. आता काय वापरू?

जे उपकरण त्याच्या गटाला रोहस लागू व्हायच्या आधी बाजारात गेलं, त्याच्या दुरुस्तीसाठीचे सुटे भाग आणि केबल यांना सूट आहे. आधी दोन तारखा शोधा, ते कधी विकलं आणि त्या गटाला कधी लागू झालं. इंडस्ट्रियल मॉनिटरिंग-कंट्रोलच्या उपकरणांना २२ जुलै २०१७, साध्या मॉनिटरिंग-कंट्रोलच्या आणि मेडिकलला २२ जुलै २०१४, आयव्हीडीला (रक्त-लघवीसारख्या नमुन्यांची तपासणी करणारी उपकरणं) २२ जुलै २०१६. त्याआधीचं असेल तर लेडेडने दुरुस्त करा, आणि खरं तर करावंच, दोन सोल्डर एका जॉइंटमध्ये मिसळणं टिकाऊपणाला बरं नसतं. पण त्या सुट्या भागाचं पाकीट वेगळं ठेवा, नवीन प्रॉडक्शनमध्ये तो जायला नको.

२२. रिपोर्ट फेल आला आणि माल बोटीवर आहे. काय करू?

आधी रिपोर्ट नीट वाचा. कुठलं मटेरियल, कुठला पदार्थ, किती, आणि त्याला एक्झेम्प्शन बसतं का. पितळ आणि चिप रेझिस्टरचे "फेल" असेच निम्मे निकाली निघतात. लॅबने दोन थर एकत्र तर खरवडले नाहीत ना हेही विचारा. खरंच फेल असेल तर लपवू नका, बायरला त्याच दिवशी कळवा. तुमच्या फाइलमधून कुठला लॉट, किती नग, कुठल्या तारखांचे हे काढता आलं तर फक्त तेवढेच नग अडतात, नाही काढता आलं तर सगळे. मला असा पहिला फोन आला तेव्हा त्या युनिटकडे ग्रोमेटच्या लॉटची नोंद होती, म्हणून १,२०० नगांपैकी १८० तिथल्या गोदामात उघडून ग्रोमेट बदलले आणि बाकीचे गेले. नोंद ठेवली होती स्टोअरमधल्या काकांनी, त्यांच्या वहीत, पेनाने.